नावाचा मोह

पेण तालुक्यातील जोहे गावी गेले असता ओटीवर, अंगणात, मांडवात गणपतीच्या मूर्ती सुकत ठेवलेल्या दिसतात. हमरापूर आणि जोहे ही गावे या कलेसाठी प्रसिद्ध आहेत. येथील मूर्ती दूरदूर जातात, घरोघरी पुजल्या जातात आणि दीड दिवसाने अथवा अनंतचतुर्दशीला पाण्यात विसर्जित होतात. आम्ही पुष्कळ मूर्ती निरखून पाहिल्या. एकीवरही घडविणाऱ्याचे नाव आढळले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आम्ही कुड्याची लेणी पाहावयास गेलो. मांदाडच्या खाडीजवळील डोंगरात ही २६ लेणी आहेत. गावातील एक वृद्ध गृहस्थ वाटाड्या म्हणून पुढे चालले होते. भिक्षूंच्या खोल्या, निजण्याचे दगडी ओटे, पाण्याची टाकी हे सारे त्यांनी आस्थेने दाखविले. भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेत. त्यांत लेणे देणाऱ्या लेखक शिवभूतीचे नाव आहे. सोमदेव नावाचा वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भायिला नावाची ब्राह्मण स्त्रीही आहे. लेखांचा हा अर्थ आम्ही मुलाला सांगत होतो. त्याच लेखांच्या आसपास अलीकडच्या प्रवाशांनीही आपापली नावे खरडलेली होती.

तेवढ्यात मुलाने एक अणकुचीदार खडा उचलला. वाटाड्याने हलकेच त्याचे मनगट धरले. "असं करू नये, बाळा." मुलाने लेखाकडे बोट दाखवून विचारले, "मग त्यांनी का केलं?"

प्रश्न बालिश खरा. परंतु उत्तर आम्हास चटकन सुचले नाही.

पहिले उत्तर सोपे आहे. शिवभूतीने आधी दिले, मग लिहिले. खरडणारा काही न देता लिहितो. परंतु एवढ्याने भागत नाही. ज्याने दिले त्यालाही नावाचा मोह नसतो, असे कोण म्हणेल? आमच्या गावच्या देवळात वडिलांच्या स्मरणार्थ आम्ही फरशी बसविली आहे. तिच्यावर वडिलांचे नाव आहे, आणि त्याखाली, त्याहून ठळक अक्षरांत, आमचे! ती अक्षरे आम्हीच पसंत केली होती. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. खडा हाती घेतलेल्या मुलासमोर मात्र ती फरशी डोळ्यांपुढे उभी राहिली.

शिवभूतीच्या लेखाकडे आम्ही पुन्हा पाहिले. तो एकट्याचे नाव सांगत नाही. त्यात आईबाप आहेत, पत्नी नंदा आहे. ज्या महाभोजाच्या पदरी तो होता, तो आहे. जवळच्याच लेखात त्याचा धाकटा भाऊ शिवम पत्नी विजया व मुले यांच्यासह कोरीव कामाचे दान सांगतो आणि खांब मुलींचे म्हणून नोंदवितो. येथे नाव हे पुण्याची वाटणी करण्याचे साधन झाले आहे. ज्या नावाबरोबर इतरांची नावे येतात ते दानाची नोंद ठरते. जे इतरांना झाकून पुढे येते, ते दगडावर असो की संगमरवरी फरशीवर, खरडणेच होय. कसोटी ही आहे, असे आम्हास वाटते.

तरीही एक उणीव उरते. ज्याने छिन्नीने हा कातळ कोरला त्याचे नाव शिवभूतीने लिहिले नाही. कातळातले लेणे दोन सहस्रकांच्या आसपास टिकते, जोह्याची मूर्ती दहा दिवस. परंतु घडविणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही ठिकाणी सारखेच मौन येते. मूर्तिकाराने ते स्वेच्छेने पत्करले असेल तर तो थोर. आपणच त्याला विचारले नसेल, तर दोष आपला.

मुलाने खडा टाकून दिला. आम्ही डोंगर उतरलो. निरोप घेताना त्यानेच वाटाड्याला विचारले, "आजोबा, तुमचं नाव काय?" आम्ही सकाळपासून त्यांच्या मागे चालत होतो, हे विचारण्याचे आम्हास सुचले नव्हते.