पुलात राहिलेले गोळे

व्हिडिओ गेममध्ये मारलं तर पाप लागतं का, हा प्रश्न आता आपल्या स्वाध्यायातही निघतो. बंदुकीच्या गेमबद्दल उत्तर सोपं आहे. मला अडवलं ते 'वर्ल्ड ऑफ गू'ने.

काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल या दोघांनी २००८ साली आणलेला हा गेम. काळे, चिकट, डोळे असलेले जिवंत गोळे. त्यांना एकमेकांना चिकटवून पूल किंवा मनोरा रचायचा आणि उरलेले गोळे त्यावरून नळीपर्यंत पोचवायचे. वजन, तोल, झोका सगळं खऱ्यासारखं. त्रिकोण धरला की टिकतं, चौकोन कलतो. चलथाणला बाहेर उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या, आणि आत एका सामायिकाच्या वेळात, म्हणजे ४८ मिनिटांत, नातीचा पूल पाचदा कोसळला. तरी ती हसतच! जेलीसारखं डुलत पडतं ते, बघणाऱ्यालाही सोडवत नाही.

गोळे जास्त लावले की वाचणारे कमी होतात. हात आखडता घेणाराच जिंकतो. हे तर आपल्याला घरचंच वाटावं.

"अगं, पण पुलातल्यांचं काय?"

"ते काळे परत निघत नाहीत, आजी. हिरवे निघतात."

यशोधर राजाची कथा आपल्याला माहीत आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक'मध्ये ती सांगितली. आईच्या आग्रहापोटी राजाने खरा नव्हे, पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला, तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले. पीठ मेलं नव्हतं, मारायचा भाव खरा होता. त्या मापाने नात सुटते, तिला तर वाचवायचंय. पण तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमाद धरतं, म्हणजे बेसावधपणा. माझं मन तिथे अडकतं. नळीत पोचलेल्यांचा आकडा पडद्यावर येतो, पूल धरून मागे राहिलेल्यांकडे कोण बघतं?

तापी लाइनने खानदेशातून इकडे आलेल्या घरांत धाकट्यांची शिक्षणं झाली, दुकानं झाली. थोरल्या सुनेने काय सोडलं ते कुठल्या वहीत आहे? तिला कोणी मारलं नाही, खरंय. कोणी विचारलंही नाही.

हिरवे गोळे मात्र खालून सोडवून वर घेता येतात. नात ते आठवणीने सोडवते का, हे मी हल्ली शेजारी बसून बघते.