निर्जीवावरचा राग

माणसावर रागावले तर तो दुखावतो, घरात अबोला येतो, गावात वैर वाढते. म्हणून धर्मग्रंथांनी क्रोधाला शत्रू मानले, हे सहज पटते. पण सायकलच्या टायरवर रागावल्याने टायर दुखावत नाही आणि रिम मनात अढी धरत नाही. मग अंगणात सायकल उलटी करून ट्यूब बदलायला बसलेल्या माणसाचा संयम सुटला, त्याने पाना आपटला, टायरला शिवी हासडली, तर त्यात नेमके काय बिघडले? पहिल्या शतकातला रोमन विचारवंत सेनेका याने क्रोधावरच्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला हात घातला आहे. अक्षर फार बारीक म्हणून पुस्तक फेकून देणाऱ्याचे उदाहरण तो देतो. ज्या वस्तूंनी आपला राग ओढवून घेतला नाही आणि ज्यांना तो कळणारही नाही, त्यांच्यावर रागावणे हा वेडेपणा आहे, असे त्याचे म्हणणे. ते खरे आहे, पण अपुरे आहे, कारण वेडेपणा निरुपद्रवीही असू शकतो. निर्जीव वस्तूवरचा राग तसा निरुपद्रवी नाही, असे मला वाटते. दुसऱ्या कोणाला इजा करण्याआधी तो रागावणाऱ्याच्या समजेला इजा करतो. क्रोध हे पाप आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. त्याआधी ती जाणण्यातली चूक आहे. हे तपासून पाहायला ट्यूब बदलण्याइतके चांगले काम सापडणे अवघड, कारण तिथे समजण्यात चूक झाली की हवा थांबत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात अशा तपासणीला सामग्री भरपूर आहे. हा कापसाचा जिल्हा. काळी माती, धुऱ्याधुऱ्यावर बाभळी, शेताभोवती बाभळीच्याच फांद्यांचे कुंपण, आणि पाऊस सरला की वाटेच्या कडेला वाळत पडलेला सराटा. सराट्याचे फळ फुटले की त्याचा तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून राहतो. कापूस वेचून झाल्यावर कापलेल्या पऱ्हाटीचे खुंटही तसेच टोकदार. बाभूळगाव असो, कळंब असो की राळेगाव, पांदणीने जाणाऱ्या सायकलला या सगळ्यांतून वाट काढावी लागते. त्यात उन्हाळा असा की उन्हात उभ्या केलेल्या सायकलची ट्यूब गेली तर सगळे खापर उन्हावर फुटते. आता याचा हिशेब करून पाहू. ट्यूबमधल्या हवेचे तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले, तर तिचा निरपेक्ष दाब जेमतेम सात टक्क्यांनी वाढतो. धडधाकट ट्यूब तेवढ्याने फुटत नाही. जुने ठिगळ सुटते, कुजत आलेली जागा उघडी पडते, रिमची पट्टी सरकून आऱ्याचे टोक वर आलेले असते. उन्हाने निमित्त दिले, कारण दुसरेच होते. ते शोधण्याआधीच दोषी ठरवून टाकण्याची ही घाई रागाचीच धाकटी बहीण आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या घसरणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि स्मृती गेली की बुद्धीचा नाश. या क्रमात क्रोधाचे पहिले फळ म्हणून हिंसा सांगितलेली नाही, संमोह सांगितला आहे, आणि त्याच्या मागोमाग आठवण जाणे. ही साखळी ट्यूब बदलण्याच्या कामाला लावून पाहा. मन सायकलवर नसते, ते पोहोचायच्या ठिकाणी कधीच जाऊन बसलेले असते. हे काम पाच मिनिटांत व्हावे अशी इच्छा असते. मागचे चाक असेल तर चेन, स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या तारा सगळ्या एकाच आसाला अडकवलेल्या असतात. एक नट गंजलेला निघतो आणि इच्छा अडते. राग येतो. त्या रागात माणूस फाटकी ट्यूब ओढून काढतो आणि नवी घालतो, पण टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा शोधायचा विसरतो. काटा टायरमध्येच असतो. हवा भरताच, किंवा पहिल्या अर्ध्या कोसात, नवी ट्यूबही जाते. बोट फिरवायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण वेळेवर आठवले नाही. जुनी ट्यूब ठिगळ लावून वाचवायची असली तरी हेच घडते. घासलेल्या जागेवर सोल्यूशन लावल्यावर त्यातला द्रव उडून ते कोरडे वाटेपर्यंत थांबायचे असते. घाईने ठिगळ ओल्यावरच दाबले की ते वरवर बसते आणि हवेच्या दाबाने सुटते. इथे थांबणे हा कामाचाच एक भाग आहे, आणि रागाला नेमके थांबणे वर्ज्य असते.

सर्वांत जास्त चीड येते ती टायर परत चढवताना. शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर चढत नाही, अंगठे सोलवटतात आणि टायर आपल्याशी हट्टाने वागतो आहे असे वाटू लागते. या हट्टाला इतिहास आहे. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण तो टायर रिमला चिकटवून पक्का केलेला असे. ट्यूब गेली की सगळेच उसवावे लागे. पुढे १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणणारी तार आणि मध्ये खोलगट असलेला रिम अशी जोडी शोधून काढली, आणि १८९१ मध्ये फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी स्वतःच्या पद्धतीचा, काढता-घालता येणारा टायर आणला. वेल्चच्या रचनेतली तार ताणत नाही, कारण ती ताणली तर टायर रिमवर टिकणारच नाही. म्हणून जोर लावून कड चढवणे म्हणजे मुळातच न ताणणारी वस्तू ताणण्याचा प्रयत्न. उपाय समोरच्या बाजूला असतो. चढलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत आणली की तिथे परीघ कमी लागतो आणि तेवढी ढील अडलेल्या जागी मिळते. व्हॉल्व्हच्या जागी कड खाली बसू शकत नाही, म्हणून शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. हे न करता पट्टीने कड उचकटली की ट्यूब चिमटते आणि तिला नवे भोक पडते. राग जिथे अडले तिथेच जोर लावतो. उपाय समोरच्या बाजूला असू शकतो हे पाहायला अडलेल्या जागेवरून नजर उचलावी लागते, आणि रागावलेल्या माणसाला तेवढेच जमत नाही.

याच्याशी गीतेतला दुसरा एक विचार जुळतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. या पाचांत कर्ता एकच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर जी टीका पूर्ण केली तिच्यातही या पाच कारणांचा विस्तार आहे. वस्तूवरच्या रागाचे मूळ इथे सापडते. आपण जोर लावला, आपण वेळ दिला, तेव्हा फळ मिळायलाच हवे, असे एकट्या कर्त्याला वाटते आणि ते मिळाले नाही की उरलेली चार कारणे त्याला शत्रू दिसू लागतात. बाजारात २६ इंची म्हणून मिळणाऱ्या टायरांचेच पाहा. एकाच्या कडेचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, दुसऱ्याचा ५५९. नाव एकच, पण फरक ३१ मिलिमीटरचा. चुकीचा टायर आणला तर जगातला कोणताही संयम तो बसवू शकणार नाही आणि कोणताही रागही नाही. तिथे साधनच चुकले आहे, आणि ते ओळखायला टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचणे पुरते. पाच कारणे मानणारा माणूस अडल्यावर विचारतो, पाचांपैकी कोणते अडले? एकच कारण मानणाऱ्यापाशी हा प्रश्नच नसतो.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा येईल की हा गीतेचा अर्थ ओढून ताणून लावला आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात दुसऱ्या अध्यायातल्या त्या साखळीतली स्मृती म्हणजे शास्त्राच्या आणि आचार्यांच्या उपदेशाने झालेल्या संस्काराची आठवण; टायरमधल्या काट्याची आठवण तिथे कोणाच्या मनातही नव्हती. हे मान्य आहे. पण दोन्हीकडे जे हरवते त्याची जात एक आहे. शिकलेले, पटलेले, मनात असलेले ज्ञान नेमक्या गरजेच्या क्षणी हाताशी येत नाही, हाच स्मृतिभ्रंश. लहान कामात हा नियम खरा ठरतो म्हणून मोठ्या कामातले त्याचे महत्त्व घटत नाही. उलट डोळ्यांना दिसेल असा एक पुरावा त्याला मिळतो. रणांगणावर वा संसारात बुद्धी कुठे गेली हे वर्षांनी कळते. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे तिथल्या तिथे सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो न्यायाचा आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेला जाणाऱ्या मुलीची ट्यूब वाटेत गेली, पंक्चरचे दुकान थेट फाट्यावर आहे आणि पहिला तास बुडाला, तर तिला मनःशांतीचा उपदेश करणे हे क्रूरपणाचे नाही काय? गरिबाला समत्व शिकवायचे आणि खड्डे तसेच ठेवायचे, असे धर्माच्या नावाने पुष्कळदा झालेले आहे. म्हणून इथे भेद स्पष्ट केला पाहिजे. खड्ड्यांबद्दल, न झालेल्या पांदण रस्त्याबद्दल, तकलादू मालाबद्दल वाटणाऱ्या रागाला पत्ता असतो. त्या पत्त्यावर ऐकणारी, जबाबदार माणसे असतात. टायरवरच्या रागाला पत्ताच नसतो, म्हणून तो फुकट जातो, आणि पुष्कळदा ज्याच्यावर जायला हवा होता त्याला सोडून जातो. शिवाय ट्यूबमधले भोक स्वतःचे कारण सांगत असते. बाहेरच्या अंगाला एक बारीक भोक असेल तर काटा. आतल्या अंगाला असेल तर आऱ्याचे टोक. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर कमी हवेची सायकल खड्ड्यात आदळून ट्यूब रिमवर चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर बहुधा हवा कमी असल्याने ट्यूब आतल्या आत सरकत होती. हे शांतपणे वाचणाऱ्याला कळते की आपण हवा कुठे कमी ठेवली आणि रस्त्याने कुठे घात केला. अशा माणसाची तक्रार नेमकी असते आणि नेमकी तक्रार टाळणे कठीण जाते. समत्वाने तक्रारीचा अधिकार जात नाही, तिला पुरावा मिळतो.

तिसरे म्हणणे असे की रागाने बळ येते. गंजलेला नट कधी कधी चिडूनच सुटतो. सुटतो, हे खरे. पण तेवढ्याच वेळा त्याचे कोन झिजून तो गोल होतो आणि मग पाना धरतच नाही. तेल सोडून काही वेळ थांबणे हा उपाय त्याहून कमी बळाचा आणि जास्त भरवशाचा. दुकानातला कारागीर कधी बडबडत, चिडतही काम बरोबर करतो, हेही खरे. मात्र त्याचे हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चालतात. त्याची स्मृती हातांत उतरलेली असते आणि राग तिथवर पोहोचत नाही. घरी वर्षातून एक-दोनदा हे काम करणाऱ्याजवळ ते कवच नसते. त्याला प्रत्येक पायरी मनातून आठवावी लागते, म्हणून रागाची किंमत सर्वांत जास्त त्यालाच मोजावी लागते.

मग हे काम त्या कारागिराकडेच का देऊ नये, हा शेवटचा प्रश्न. अवश्य द्यावे, त्याचा तो मानाचा धंदा आहे. पण यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आणि पवनारला, शरीरश्रम हे व्रत मानले गेले, त्याचे कारण केवळ पैसे वाचवणे हे नव्हते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत कर्माला विकर्माची जोड हवी असा विचार आहे. बाहेरच्या कृतीत आतून मन ओतले की तिचे ओझे राहत नाही, असा त्याचा आशय. हा विचार उदात्त म्हणून स्वीकारला जातो, पण तो खरा आहे की नाही याची परीक्षा व्हायची असेल तर ती अशा कामात व्हावी जिथे मन ओतल्याचा आणि न ओतल्याचा फरक मोजता येतो. ट्यूब बदलणे हे तसे काम आहे. त्यात स्तुतीला जागा नाही, फसवणुकीला नाही, आणि नुकसान झालेच तर एका ट्यूबचे होते.

रागावर ताबा मिळवण्याचा सराव माणसे बहुधा माणसांवर करतात, आणि तो फार महागात पडतो. मुलावर ओरडल्यानंतर शिकलेला संयम मुलाच्या किमतीवर शिकलेला असतो. वस्तूंवर तो आधी शिकता येतो. टायर अडला की पाचांपैकी कोणते कारण अडले हे विचारण्याची सवय लागलेला माणूस घरात, शेतात, कचेरीत अडल्यावरही तोच प्रश्न विचारील, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण ज्याला न बोलणाऱ्या, न चिडवणाऱ्या, मनात काही न धरणाऱ्या रबरापुढे हा प्रश्न सुचत नाही, त्याला तो उलट बोलणाऱ्या माणसापुढे सुचेल ही आशा तर त्याहून दुबळी आहे. म्हणून निर्जीवावरचा राग क्षुल्लक समजून सोडून देऊ नये. क्रोधाने समज कशी जाते आणि थांबल्याने ती कशी परत येते, हे कोणालाही न दुखावता पाहायला मिळण्याची ती जवळजवळ एकमेव जागा आहे.