थट्टेचा अर्थ, थट्टेचा अधिकार

शिकायला आलेल्या परगावच्या मुलांना ‘इकडची भाषा’ शिकवणाऱ्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर फिरतात. दहा-बारा बोलीशब्द आणि थोडी रांगडी ढब जमली की सांगलीचा विनोद कळला, असा त्यांचा दावा. सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद ही दोन जुनी महाविद्यालये आहेत. लांबलांबची मुले इथे खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या हाती शब्दांची ही पुडी देणे मला उथळ वाटते.

शब्दांपाशी मुळात अडतच नाही. खानावळीत उशिरा पोचलेल्या मुलाला मालक गंभीर चेहऱ्याने म्हणतो, “आज लई लवकर आलास की!” यात न कळण्यासारखा शब्द कोणता? तरी नवा मुलगा ओशाळतो, उशिराची कारणे देतो. अनोळखी माणसाला मालक मुकाट्याने ताट वाढतो. असा टोमणा ओळखीच्यालाच मिळतो, हे नव्या मुलाला ठाऊक नसते. मालकही मग जपून बोलू लागतो.

‘आधी शब्द येऊ देत, बाकीचे आपोआप येईल,’ असे यावर सांगतात. तसे असते तर नागपूरच्या मुलाला इथे काहीच अडचण आली नसती. तो मराठीच बोलतो. उलट मोडके मराठी बोलणारा कानडी भाजीवाला मंडईत बिनधास्त फिरक्या घेतो आणि झेलतोही. शब्दांची यादी याचा उलगडा करू शकत नाही. विनोद वैश्विक असतो म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: पडणाऱ्याला सगळेच हसतात, पण कोणाला पाडलेले चालते हे गावागणिक बदलते.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या नाटककार गोविंद बल्लाळ देवलांना हे पक्के कळले होते. त्यांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाचे मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात, ते इंग्रजीमार्गे मराठीत आले. देवलांनी नायिका रेवतीला कलावंतिणीच्या घरची केले. तेव्हाच्या समाजात अशा मुलीवर संशय घ्यायला कोणाला पुरावा लागत नव्हता. नुसती वाक्ये उतरवून हे साधले नसते. देवलांनी नात्यांची मांडणीच इथली केली, म्हणून त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव आपल्या वाड्यातला वाटतो. भाषा माणसांत राहूनच कळते; विलिंग्डनमध्ये शिकलेले पु. ल. देशपांडेही पन्नाशीच्या सुमारास बंगालीसाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. पुस्तके त्यांना घरबसल्याही मिळाली असती.

प्रत्येक थट्टा म्हणजे स्वागत, असे मात्र मी म्हणत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच झाला आणि तो हवाच होता. पण थट्टा आणि छळ यांतला फरक शब्दांच्या तिखटपणावर ठरवू नये. समोरच्याला उलट टोला देता येतो का, आणि दिला तर मंडळी त्याच्यासोबत हसतात का, एवढे पाहावे. माझ्या लेखी सारा प्रश्न इथेच येऊन थांबतो. थट्टेचा अर्थ नवख्याला चार महिन्यांत कळेल, पण उलटून बोलण्याचा अधिकार त्याचा त्याला मिळवता येत नाही. तो इथल्यांनीच द्यायचा असतो. जातीने, गरिबीने किंवा परप्रांताच्या शिक्क्याने ज्याचे तोंड आधीच बंद केले आहे, त्याची ‘गंमत’ करणे ही हेटाळणीच.

म्हणून विश्रामबागेतल्या घरमालकांना, खानावळवाल्यांना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना माझी विनंती आहे: नव्या पोराची फिरकी जरूर घ्या, पण त्याने उद्या तुमची घेतली तर रागावू नका.