घंटेला हात न लावता

जीर्णोद्धार म्हटला की आपल्याकडे नव्याची घाई होते. जुना लाकडी सभामंडप उतरतो, संगमरवर चढतो. चर्चच्या घंटांच्या जीर्णोद्धारात काम नेमके उलटे असते. घंटा आहे तशी राखायची आणि तिच्याभोवतीचे जवळजवळ सगळे बदलायचे.

इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये पाच घंटा आहेत. चार १४५० च्या सुमारास ओतलेल्या, पाचवी त्यानंतर काही दशकांनी. पाच घंटांचा जगातला सर्वांत जुना संच म्हणून त्या ओळखल्या जातात. इतिहासातला बडा धर्माधिकारी कार्डिनल वूल्झी याच गावचा, म्हणून लोक त्यांना त्याच्या नावानेही ओळखतात. १९८० च्या दशकात त्या थांबल्या, कारण मनोरा त्यांचा भार सोसण्याइतका भक्कम राहिला नव्हता. मनोरा सावरला गेला आणि २००९ मध्ये घंटा पुन्हा वाजू लागल्या.

मनोऱ्याचा एवढा प्रश्न यावा, याचे कारण इंग्रजी पद्धतीत आहे. तिथे घंटा चाकाला बांधतात आणि दोराने ओढून पूर्ण वर्तुळात फिरवतात. तोंड वर, मग खाली झेप, पुन्हा तोंड वर. या फेऱ्यात खालच्या दिशेने घंटेच्या वजनाच्या सुमारे चौपट आणि आडवा सुमारे दुप्पट जोर पडतो. शतकानुशतके असे हिसके बसले की लाकडी चौकटीचे सांधे ढिले होतात, भिंतीही हलतात. म्हणून चौकट नवी करतात, झिजलेल्या टेकूंच्या जागी बॉल बेअरिंग बसवतात, शक्य असेल तिथे घंटा मनोऱ्यात खाली उतरवून टांगतात.

घंटेपुरते काम थोडे, पण जोखमीचे. घंटेचे कासे म्हणजे ढोबळमानाने ७७ भाग तांबे आणि २३ भाग कथील. नाद उत्तम, पण धातू ठिसूळ. लोलक एकाच जागी आदळून खळगा पडतो, म्हणून घंटा पाव फेरा वळवून कोरी जागा पुढे आणतात. लोलक अडकवण्याची लोखंडी कडी पूर्वी ओततानाच माथ्यात बसवत. ते लोखंड गंजून फुगते आणि माथा आतून चिरतो. ती कडी कोरून काढणे हा या कामातला सर्वांत मोलाचा उपाय आहे.

सूर जुळवण्याचा मोह मात्र आवरावा. लफबरोच्या टेलर कारखान्याने १८९६ पासून घंटा आतून खरवडून तिचे पाच स्वर जुळवण्याची पद्धत रुजवली. नव्या घंटेला ती शोभते. जुन्या घंटेचा खरवडलेला धातू परत येत नाही आणि तिचा मूळ आवाजही नाही. चर्च ऑफ इंग्लंडने जतन करण्याजोग्या घंटांची यादीच ठेवली आहे, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

ही काळजी आपल्यालाही लागू आहे. मराठ्यांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची, १७२१ साल कोरलेली घंटा सर्वांना ठाऊक आहे. ज्या देवस्थानांकडे अशा घंटा आहेत, त्यांच्या विश्वस्तांना विनंती : घंटेला ऑइलपेंट लावू नका, अक्षरे घासू नका. माथ्यात गंजके लोखंड आहे का, हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.