पत्रांची अमानत

मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तेथे त्यांनी आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती पाठवण्याची मुभा नव्हती. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली आणि एका मित्रासाठीचा मजकूर सर्वांचा झाला. याच आझादांनी आत्मकथनातील सुमारे तीस पाने मात्र मोहोरबंद ठेवायला लावली. ती त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९८८ मध्ये उघडली.

मग झाकण्याचा हक्क नेमका कोणाचा?

स्वतःचे शब्द झाकण्याचा हक्क लिहिणाऱ्याला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांनी पतीशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार जाळला. इतिहासाचे नुकसान झाले, पण तो अन्याय म्हणवत नाही. ते बोलणे त्या दोघांचेच होते. थॉमस जेफरसन यांच्या शेतीच्या वहीचे तसे नाही. तीत त्यांनी आपल्या गुलामांची नावे हिशेबासाठी लिहिली. वही मालकाची, पण नावे त्या माणसांची. आज त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचा माग तीत सापडतो.

आता आपल्याकडे पाहू. १९४८ मध्ये जिंतूर निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती संस्थानात फिरली. कारवाईत व नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. अहवाल दप्तरात गेला. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो सबंध छापला गेला, तोवर सांगणारे बहुतेक मातीआड झाले होते.

शांततेसाठी तो झाकला, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपुरते हे कारण मानूही. पण शांतता आल्यावरही कागद बंदच राहिला, तर ते कारण उरत नाही. आझादांच्या पानांना मुदत होती, या अहवालाला ती नव्हती. शिवाय आझादांनी स्वतःचे शब्द झाकले होते. इथे लोकांनी विश्वासाने सांगितलेले दुःख सरकारकडे अमानत होते, आणि अमानत परत करायची असते.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद आहे, आणि मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही. आपल्या सोयीचे पान उघडून बाकीची मिटली, तर दप्तर बंद ठेवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

मराठवाड्यात आजही कितीतरी घरांत, जुन्या पेट्यांत उर्दू आणि मोडीतले कागद पडून आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना ते वाचता येत नाहीत. रद्दीत देण्याआधी ते कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावेत. त्यांत आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही घरची हकिकत असू शकते.