करारावर सही करण्याआधी

चि. भाच्यास,


फिटरचा आयटीआय झालास, आता अप्रेंटिसचे फॉर्म भरतो आहेस, हे ताईने कळवलं. पुढे तिने लिहिलंय, "ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण घेणार?" तिची काळजी मी समजतो, पण तिचा प्रश्न मला मान्य नाही.

मी आयुष्य वर्कशॉपात काढलं. फायलीवरचा दाब, व्हर्नियरचं रीडिंग, गेजमध्ये जॉब बसतो की अडतो, ही कामं हाताची आणि डोळ्यांची. बेअरिंगचा बिघाड जुने फिटर आवाजावरून ओळखतात, हे खरं. पण हाऊसिंगवर हात ठेवला की थरथरही कळते. कान खरोखर लागतो तो सूचना समजायला आणि धोका ओळखायला. त्यावर उपाय आहेत. काम कागदावर लिहून द्यायचं, भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा लावायचा, आणि आणीबाणीत खांद्यावर हात ठेवून बाहेर काढणारा एक सोबती आधीच नेमायचा.

हे उपकार म्हणून मागू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे गरजेची वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच आहे. कौशल्य प्रशिक्षणाच्या सर्वसाधारण योजनांत दिव्यांगांना सामावून घ्यावं, असं त्याचं कलम १९ सांगतं. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेने दिव्यांगांना काय सोयी देणार, याचं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. मुलाखतीआधी ते मागून वाच.

अडचण आहे ती १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात. त्याच्या कलम ३ मध्ये शिक्षणाबरोबर शारीरिक पात्रतेची अट आहे. यंत्रापाशी सुरक्षितता हवीच, पण माणसाला नेमकं कोणतं काम करायचं आहे हे न बघता त्याला अपात्र ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपंगत्वाच्या टक्केवारीवरच प्रवेश नाकारता येणार नाही. त्या विद्यार्थ्याला तो अभ्यासक्रम झेपेल का, हे तपासायला हवं. डॉक्टर होणाऱ्याला हा न्याय असेल, तर फिटर होणाऱ्याला का नको?

खर्चाचं कारण कुणी पुढे केलं, तर तू राहतोस ते उलवेच डोळ्यांपुढे आण. नवी मुंबई विमानतळासाठी तिथली टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, गावंच्या गावं हलवली. एवढं करू शकणाऱ्या परिसरात एका मशीनजवळ दिवा लावणं कुणाला जड जाऊ नये. शिवाय राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी चांगली मुलं मागे राहतात. कंपन्या मुलाखतीचा निरोप फोनवर देतात. फोन उचलला गेला नाही की नाव गळतं, आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. फॉर्मवर नंबराशेजारीच लिही : "ऐकू येत नाही, कृपया मेसेज करावा." व्यंग लपवून आत शिरायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. तो ऐकू नकोस. लपवलंस, तर दिवा कुणाकडे मागणार?

ताईच्या "कोण घेणार?" ला एक उत्तर सांगतो. मुंबईत मिरॅकल कुरिअर्स ही सेवा २००९ पासून कर्णबधिर तरुणांना घेऊन उभी राहिली. तिथे कामाची पद्धतच माणसांशी जुळवून घेतली. तुला माहिती आणि मार्गदर्शन हवं असेल, तर शीव-चुनाभट्टीला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं केंद्र आहे. ते १९६८ मध्ये व्यवसाय पुनर्वसन केंद्र म्हणून सुरू झालं, आता करिअर सेवा केंद्र म्हणून चालतं. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र म्हणजे युडीआयडी कार्ड आणि आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन आधी तिथे जा.

अप्रेंटिसशिपचा करार नोंदवला जातो. त्यावर सही करण्याआधी तुला लागणाऱ्या सोयी एका कागदावर लिहून दे, पोच घे आणि उत्तर लेखीच माग. मसुदा तू कर, मग मला पाठव. कारखान्याची भाषा मी घालतो.

तुझा,
मामा