पडलेल्या पावसाचा हिशेब

महाराष्ट्रातील लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे चार पंचमांश जमीन कोरडवाहू आहे. तिच्यातल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाला साधारण 500 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. त्यामुळे 500 मिलिमीटर पावसातही एका हेक्टरावर 50 लाख लिटर पाणी येते. बाजरी किंवा हरभऱ्याची गरज त्याहून कमी असते. तरीही पीक करपते, कारण हा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्येच दोन-तीन आठवडे उघडीप देतो. म्हणून कोरडवाहू शेतीत पाऊस किती पडला याच्या बरोबरीने त्यातला किती मुळांपर्यंत पोचला, हेही विचारावे लागते.

या पाण्याची पहिली साठवण जमिनीतच होते. भारी काळी जमीन ओल भरपूर धरते. मंगळवेढ्याच्या शिवारात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे फारसा पाऊस नसतानाही याच ओलीवर पोसते. हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र उघडीप आठवड्याभराची झाली तरी पीक माना टाकते. त्यामुळे एकच उपाय सगळीकडे चालत नाही. मुंबई प्रांतात 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर समतल बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या आणि मध्यम जमिनीत त्यांचा उपयोग झाला, पण भारी जमिनीत बांधाला पाणी तुंबून पिके पिवळी पडली आणि बांधही फुटले. अशा जमिनीत पाणी मुरवण्याइतकेच जादा पाणी सावकाश बाहेर काढणेही महत्त्वाचे असते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धत दोन्ही कामे करते. कमी पावसात सरीत पाणी मुरते, अतिवृष्टीत ते सरीतून निघून जाते. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनसाठी ही पद्धत बीबीएफ यंत्रामुळे रुजू लागली आहे.

मुरलेली ओल टिकवणे ही पुढची पायरी. पावसानंतर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला की ओळींमधून कोळपे फिरवतात. फासेने दोन-तीन बोटे माती सैल होते, भेगा बुजतात, तण कापले जाते आणि खालची ओल वर येऊन उडून जाण्याची वाट तुटते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, ते यामुळेच. पण वाफसा चार-दोन दिवसच टिकतो. बैलजोडी विकलेल्या लहान शेतकऱ्याला भाड्याचे अवजार त्याच दिवसांत मिळाले नाही, तर ही साधी युक्तीही हुकते. गावपातळीवर अवजारांची सोय करणे हे म्हणूनच जलसंधारणाचेच काम आहे.

एवढे करूनही फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना ताण पडला की उत्पादन घटते. तेव्हा एक संरक्षित पाणी, म्हणजे साठवलेल्या पाण्याची एक पाळी, पुरेसे ठरते. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. पन्नास मिलिमीटरची एक पाळी हेक्टरी पाच लाख लिटर घेते. बाष्पीभवन आणि पाझर वजा केला तरी दोन-तीन हेक्टर पीक वाचू शकते. हेच शेततळे प्लास्टिक अंथरून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले, तर पावसाचे पाणी अडवण्याचा हेतूच उरत नाही. शिवाराचे भूजल उपसून एकाच्या फळबागेसाठी उघड्यावर साठवले जाते आणि त्यातले बरेचसे उन्हाळ्यात उडून जाते.

इथे तंत्राचा प्रश्न वाटपाचा होतो. समतल रेषा वहिवाटीचा बांध ओळखत नाही. दोन एकरांच्या तुकड्यावर एकट्याने उताराला आडवी पेरणी करायची म्हटले, तरी वरच्या शेतातून येणारे पाणी ती धुऊन नेते. पाणलोटाचे काम शेजाऱ्यांनी मिळूनच करावे लागते. मग त्यातून साठलेले पाणीही सर्वांचे मानले पाहिजे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हे सूत्र प्रत्यक्षात आणले. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांपर्यंत द्यायचे, भूमिहीनांनाही हक्क ठेवायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवण्याची शिस्त घालून दिली.

अडवलेले पाणी थोड्यांच्या बारमाही बागायतीला गेले, तर बाकीचे शिवार पुन्हा पावसाच्या भरवशावर राहते. तेच पाणी प्रत्येकाच्या पिकाला एका पाळीपुरते मिळाले, तर पूर्ण गावाचा हंगाम सावरतो. कोरडवाहू भागातील प्रत्येक जलसंधारण योजनेचे यश किती घनमीटर साठले एवढ्यावरच न मोजता, उघडिपीत किती लहान शेतकऱ्यांचे पीक उभे राहिले यावर मोजले पाहिजे.